शिळा फोन, ताजा सरंगा

आत्माराम मयेकरांनी नवा फोन घेतला आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरातला काळा रंगसुद्धा वादग्रस्त ठरला!

"अगो मालन, हे बघ! ह्याला म्हणतात खरा काळा! तुझ्या फोनवर दिसतो तो काळा नव्हे, तो राखाडी!"

मालनताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला तव्याचा काळा ठाऊक आहे. तो घासायचा पडलाय. घासता?"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून संतापणं हा आत्मारामभाऊंचा पूर्णवेळ उद्योग झाला होता. रस्त्यातले खड्डे, टीव्हीवरच्या बातम्या, शेजाऱ्यांचा फणस, कशावरूनही ते पेटत. पण फोनच्या स्क्रीनला कोणी नावं ठेवली, की ते नुसते पेटत नसत, त्यांचा होमच व्हायचा! दुकानातल्या पोराने जे जे सांगितलं ते त्यांनी आरतीसारखं तोंडपाठ केलं होतं. अमोलेड डिस्प्ले! टू-के रिझोल्यूशन! एकशेवीस हर्ट्झ! हर्ट्झ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण एकशेवीस म्हणजे थोडेथोडके नव्हेत, एवढं कळत होतं.

मालनताईंकडे मुलीचा, म्हणजे ईशाचा, जुना फोन होता. एका कोपऱ्यात तडा, मध्ये पिवळट डाग. "फोन लागतो, आवाज येतो, अजून काय हवंय? मला काय त्यात तोंड बघून पावडर लावायची आहे?" असं त्यांचं ठाम मत. ह्या मतामुळेच घरात चहा कडू व्हायचा.

आणि अशातच तो रविवार उजाडला.

ईशाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा खेडचा, मुंबईला नोकरीला. त्याचे आईवडील पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. वडील काशीरामराव फोनवर मोकळेपणाने बोलले होते, "आम्ही आत खेडात राहणारी माणसं. आमच्यापर्यंत मासळी येते ती अर्धा प्रवास करून, दमून! रत्नागिरीला येतोय तर समुद्रातला सरंगा खाऊ द्या!" सरंगा म्हणजे मुंबईकरांचं पापलेट. व्याह्याने तोंड उघडून मागितलेली एकच गोष्ट! इथे चूक झाली असती तर ईशाच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली असती.

"मी सकाळीच बाजारात जाऊन येते," मालनताईंनी पिशवी उचलली.

"काही गरज नाही!" आत्मारामभाऊंनी त्यांना दारातच अडवलं. "गंगुबाईचा मासळीचा ग्रुप आहे. कालच मी त्यात शिरलोय. फोटो येतो, आपण ऑर्डर द्यायची, मासळी घरी! कल्ले उचलून बघायचे दिवस गेले. आता कल्ले स्क्रीनवर बघायचे!"

तेवढ्यात टुंग झालं. फोटो आला! आत्मारामभाऊंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि ते जवळजवळ ओरडलेच. "आई गं! हे बघ! काय सरंगे आहेत!"

खरंच, स्क्रीनवर चांदीच्या ताटांसारखे सरंगे मांडले होते. गंगुबाईच्या दोन बोटांनी एकाचा कल्ला उचलून धरला होता आणि तो लाल होता, जास्वंदीसारखा! आत्मारामभाऊंनी बोटं फाकवून फोटो मोठा केला. मग अजून मोठा केला. सरंगा स्क्रीनच्या बाहेर येऊन मांडीवर पडतो की काय, असं वाटायला लागलं.

"खवले मोजता येतायत, खवले!"

"माझ्याकडे पाठवा बघू तो," मालनताई म्हणाल्या. नुसता फोटो त्यांच्या फोनवर गेला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, नाक मुरडलं. "कल्ला विटकरी दिसतोय. मला नको. शिळा आहे हा सरंगा!"

"सरंगा नाही, तुझा फोन शिळा आहे!"

"फोन शिळा असतो का कधी?"

"तुझा आहे! तडा गेलेल्या फोनवर ताजी मासळी शिळीच दिसणार! ईशा, ए ईशा, तुझा फोन आण!"

ईशा बिचारी साडी नेसत होती. ती अर्ध्या निऱ्या हातात धरून आली. तिच्या फोनवर तोच फोटो उघडला, तर तिसरंच! सगळे सरंगे पिवळे!

"ह्यांना तर कावीळ झालीय!" मालनताई दचकल्या.

"आई, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून मी ते पिवळं सेटिंग लावलंय," ईशा म्हणाली. "बाबा, पण फोटोवरून कशाला ठरवायचं? दहा मिनिटांवर तर बाजार आहे."

आत्मारामभाऊ दुखावले. पोटच्या मुलीनेही विज्ञानाची साथ सोडली! "तुम्ही दोघी साडीचा काठ बघा. मासळी मी बघतो," असं म्हणून त्यांनी तिथेच गंगुबाईला फोन लावला आणि पाच सरंगे सांगून टाकले. "फोटोतलेच हां, गंगुबाई! दुसरे नकोत!"

"व्हय, व्हय," पलीकडून गलक्यातून आवाज आला.

तासाभराने एका रिक्षावाल्याने पिशवी आणून दिली. मालनताईंनी ती मोरीत उपडी केली. सरंगे होते. पाच होते. पण आत्मारामभाऊंच्या स्क्रीनवरचे ताटाएवढे सरंगे पिशवीत येईपर्यंत बशीएवढे झाले होते! कल्ला उचलला, तर तो ना जास्वंदी, ना विटकरी. बऱ्याच वेळा धुतलेल्या लाल पंच्यासारखा त्याचा रंग झाला होता.

मालनताईंनी नुसता आपला तडा गेलेला फोन पदराने पुसला आणि मोरीच्या कठड्यावर, सरंग्यांच्या शेजारी ठेवला. आत्मारामभाऊंना वाटलं, ही चार शिव्या देती तर बरं झालं असतं!

"फसवणूक!" ते कडाडले. "ह्यात स्क्रीनचा काडीचा दोष नाही! फोटो एक दाखवायचा आणि माल दुसरा द्यायचा! आज मी तिला सोडत नाही!"

"पाहुणे निघालेत खेडहून!" ईशा मागून ओरडली. पण तोवर सरंग्यांची पिशवी हँडलला अडकवून स्कूटर फाटकाबाहेर पडली होती.

मासळी बाजारात रविवारची गर्दी ऐन भरात होती. आत्मारामभाऊ ती कापत थेट गंगुबाईच्या पाटीसमोर उभे राहिले आणि त्यांनी पिशवी तिच्यापुढे धरली.

"हे काय आहे?"

"सरंगं," गंगुबाई शांतपणे म्हणाली.

"आणि हे काय आहे?" त्यांनी फोन पुढे केला.

गंगुबाईने डोळे किलकिले केले. "ह्ये बी सरंगंच! भाऊ, काय परीक्षा घेतायसा काय माजी?"

"ह्यांचा रंग बघ! ह्यांचा आकार बघ! ह्या फोटोतले सरंगे कुठे आहेत?"

गंगुबाईने कमरेचा फोन काढला, पदराला पुसला आणि त्यावर तोच फोटो उघडून दाखवला. उन्हात त्यावर काही म्हणता काही दिसेना. आत्मारामभाऊंनी हाताचा आडोसा केला, तेव्हा कुठे पाच-सहा पांढरट ठिपके दिसले.

"माज्या फोनात तर तुमच्या पिशवीतल्यापेक्षा बारीकच हायत," ती म्हणाली. "मी तुमाला मोठं दिलं!"

"तुझा फोन भंगार आहे!"

"भंगार तुमी! पोरीनं दिलाय मला ह्यो!"

एव्हाना माणसं जमली होती. त्यात स्वरूप नावाचे एक कॉलेजातले प्राध्यापक होते. हातात कोळंबीची पिशवी आणि मनात समजावून सांगायची जुनी हौस. "त्याचं असं आहे, काका," ते पुढे सरसावले, "तुमच्या स्क्रीनवर रंग मुळातच भडक दिसतात. ते सेटिंग बदलता येतं. तुमचा सरंगा लाल नाही, तुमचा फोन लाल आहे!"

"म्हणजे मी मूर्ख?"

"तसं नाही, फोनचा पिक्सेल—"

"पिक्सेल गेला खड्ड्यात! तुमच्या फोनवर दाखवा!"

प्राध्यापकही त्याच ग्रुपमध्ये होते. त्यांनी फोटो उघडला. त्यांचा सरंगा निळसर निघाला! मग एका बाईंनी आपला फोन काढला, मग बर्फवाल्याने काढला. कोणाकडे गुलाबी, कोणाकडे हिरवट. "माझाच खरा!" "तुमचा प्रकाश वाढवा!" "तुम्ही आधी काच पुसा!" बाजारात मासे विकायचे थांबले आणि फोन तोलले जाऊ लागले. आत्मारामभाऊंचा आवाज सर्वांत वर. रागाच्या भरात त्यांनी पिशवीतला एक सरंगा शेपटीला धरून बाहेर काढला आणि वकिलाने पुरावा दाखवावा तसा हवेत नाचवला.

"आज सकाळी काढलेला फोटो! आणि हा आजचा सरंगा! जुळतात का? कोणाच्याही फोनवर जुळतात का? सांगा!"

गंगुबाई हातातला कोयता खाली ठेवून उठली. "सकाळी काडला म्हंजे? आवं, त्यो फोटू शिमग्यातला हाय!"

वर धरलेले सगळे फोन एकदम खाली आले.

"कधीचा?" आत्मारामभाऊंचा सरंगा हवेतच राहिला.

"गेल्या शिमग्यातला. जावयानं काडून दिलेला. त्या दिशी म्हावरं लय ग्वाड आलं व्हतं. मी रोज त्योच टाकते."

"रोज तोच? ही तर उघडउघड फसवणूक!"

"कसली फसवणूक?" आता गंगुबाई भडकली. "हाटेलवाला पाटी रोज नवी रंगवतो काय? त्यो फोटू म्हंजे माजी पाटी! आज काय आलंय ते मी खाली लिवते. वाचता येतं न्हवं?"

आत्मारामभाऊंनी फोन डोळ्यांजवळ नेला. फोटोच्या खाली, टू-के रिझोल्यूशनमध्ये, एकशेवीस हर्ट्झवर, अगदी लखलखीत लिहिलं होतं. "आज सरंगा बारीक. बांगडा येकदम ताजा."

"आम्ही तर फोटो बघतच नाही," ती फोनवाली बाई म्हणाली. "खालचंच वाचतो." बर्फवाल्यानेही मान डोलावली. प्राध्यापक मात्र घाईघाईने कोळंबी बघायला लागले.

"ते काही नाही!" माघार घेतानाही आत्मारामभाऊंना ओरडल्याशिवाय राहवेना. "उद्यापासून रोज नवा फोटो पाहिजे! ताजा! ग्राहकाचा हक्क आहे तो!"

"टाकते, टाकते," गंगुबाई म्हणाली. सरंगे तिने खळखळ न करता परत घेतले आणि बांगड्यांचा ढीग पुढे सरकवला. आत्मारामभाऊंनी खाली बसून एकेका बांगड्याचा कल्ला स्वतः उचलून पाहिला, पोट बोटाने दाबून पाहिलं आणि वासही घेतला. फोन खिशातच राहिला.

ते घरी पोचले तेव्हा पाहुणे ओसरीवर पाणी पीत होते. आत्मारामभाऊंच्या शर्टावर खवले, हाताला वास, डोळ्यांत अजून बाजार. मालनताईंनी पिशवीत डोकावून पाहिलं, बांगड्यांवरून एक हात फिरवला आणि पहिल्यांदाच हसल्या. "हे कोणत्या फोनवर बघून आणलेत?"

"बोटाने," ते पुटपुटले.

बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत दाट कालवण, आणि तळलेले बांगडे ताटात पडले. आत्मारामभाऊ सरंग्याबद्दल दिलगिरीचं भाषण करायला घसा खाकरत होते, तोच काशीरामराव म्हणाले, "सरंगा राहू द्या ओ! पाहुण्याला सरंगा कोणीपण घालतो. घरच्या माणसालाच बांगडा वाढतात." विहीणबाईंनी तिखलं तीनदा मागून घेतलं. जाताना मुहूर्ताचंही बोलणं झालं. ईशाने बाबांकडे पाहून डोळे पुसले. त्यांच्या शर्टावर एक खवला अजून तसाच होता, तो तिने हळूच काढला.

आत्मारामभाऊ त्या रात्री कितीतरी दिवसांनी कशावरही न संतापता झोपले.

सकाळी टुंग झालं.

गंगुबाईने शब्द पाळला होता! फोटो नवा होता, ताजा होता, कालच कोणीतरी बाजारात काढलेला होता. फोटोच्या मधोमध आत्माराम मयेकर उभे होते. विस्फारलेले डोळे, उघडलेलं तोंड, फुगलेल्या नाकपुड्या आणि शेपटीला धरून वर उचललेला सरंगा. त्या अमोलेड स्क्रीनवर त्यांचा चेहरा जास्वंदीसारखा लाल होता आणि नाकावरचा एकेक केस मोजता येत होता. खाली लिहिलं होतं, "आज सरंगा नाय. सुरमई हाय."

"अगो मालन!" ते गरजले. "ही बघ त्या बाईची हिंमत! सगळ्या रत्नागिरीने बघितलं असेल हे!"

मालनताईंनी आपला तडा गेलेला फोन उचलला, फोटो उघडला आणि बराच वेळ प्रेमाने पाहिला.

"एवढं काय चिडताय?" त्या म्हणाल्या. "माझ्या फोनवर बघा. जरा बरे दिसता."