परबकाकांची जिन्यातली तालीम

सावंतकाकूंच्या बायपासच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना माझ्या मामाची गोष्ट सांगितली. मामा बायपासमध्येच गेले.

सांगायची नव्हती. शहाळं दिलं, 'कसं वाटतंय' विचारलं, मग विषयच उरला नाही, म्हणून मामा आठवले. काकूंचं प्रेशर असं चढलं की ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. नंतर सगळं नीट पार पडलं आणि काकू आता पूर्वीसारख्या पाण्यावरून भांडतात. पण मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तेव्हापासून मला कोणी आजाऱ्याजवळ एकटं सोडेना.

ही बंदी घातली माझ्या शेजारच्या परबकाकांनी. बस डेपोतून रिटायर झालेले, काकी गेल्यापासून एकटे राहणारे, पक्के मालवणी. माझ्या पराक्रमानंतर त्यांनी नियमच केला: इमारतीत कोणी आजारी पडलं, की भेटायला जाणाऱ्याने आधी जिन्यात त्यांच्यासमोर तालीम करायची. काका स्वतः पेशंट व्हायचे. पायरीवर बसून बऱ्यापैकी कण्हायचेसुद्धा.

"हं, आलास. आता बोल."

"अरेरे, किती वाळलात हो."

"नापास. खाली जा, चेहऱ्याला इस्त्री करून ये."

'आता देवाची इच्छा' एवढंच म्हणाल्याबद्दल पहिल्या मजल्यावरच्या मावशींना त्यांनी परत पाठवलं. कांबळेसर तर मोबाइलवर वाचलेले काविळीचे टप्पे सांगायला लागले. काकांनी त्यांना घरी पाठवलं आणि शहाळं तेवढं ठेवून घेतलं. मी इतक्यांदा नापास झालो की शेवटी त्यांनी मला मुक्या भूमिकेत पास केलं. आत जायचं, हसायचं, निघायचं.

एकदा मी चिडवलं, "काका, हसून मुतखडा पडतो का हो?"

त्यांची मालवणी सुटली. "गोळी गोळीचा काम करता. पण माणूस घाबरलो की त्येका झोप नाय, भूक नाय. तसो माणूस बरो कसो होतलो? मेल्या, औषधाक काम करूक जरा शांतता दी."

मी मुक्या भूमिकेतल्यासारखा हसलो आणि निघालो. तसं माझ्या बोलण्याने कोणाचं भलंही झालं नसतं.

मग यंदा काकांच्याच पोटात गाठ निघाली. काढायची होती, पण प्रेशर उतरेना आणि त्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. मुलगी बंगळुरूहून दुसऱ्या दिवशी पोचणार होती. सोसायटीतून हॉस्पिटलात कोणीच गेलं नाही. प्रेम नव्हतं असं नाही. खुद्द परीक्षकासमोर नापास कोण होणार? सगळ्यांनी मेसेज पाठवले, फुलांची चित्रं पाठवली.

मी गेलो. रिक्षात वाक्यं घोकत होतो. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "भाऊ, इंटरव्ह्यू आहे का?"

काका उशीला टेकून बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "झकास आहे मी. सिस्टर मस्त, जेवण मस्त." जेवणाच्या ताटावरचं झाकणही काढलेलं नव्हतं.

घोकलेलं सगळं मी विसरलो. तोंडातून निघालं, "काका, घाबरलात का हो?"

जिन्यात ह्या वाक्यावर त्यांनी मला थेट गेटबाहेर काढलं असतं. इथे त्यांनी झाकलेलं ताट बाजूला सरकवलं.

"हो रे," ते म्हणाले. "सुमनच्या, तुझ्या काकीच्या आजारपणात मी रोज हसत जायचो. म्हणायचो, मस्त दिसतेस. ती म्हणायची, तुम्हीपण. शेवटपर्यंत दोघंही मस्त. मी निघालो की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. दारातून बघायचो मी. पण आत जाऊन कधी विचारलं नाही, भीती वाटते का गं. वाटायचं, विचारलं तर वाढेल."

मग ते बोलतच सुटले. भूल उतरली नाही तर, गाठ वाईट निघाली तर, पोरीला कोण सांगणार. मी मध्ये मध्ये 'हं' म्हणत होतो, कारण दुसरं काही येत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी ताट जवळ ओढलं, थंड झालेला वरणभात निम्मा खाल्ला, आणि माझं मनगट धरून आडवे झाले ते झोपलेच.

सिस्टर प्रेशर बघायला आली. पट्टा बांधून आकडा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला. "आलं की खाली," ती म्हणाली. "असंच राहिलं तर उद्या घेतील." गोळीने उतरलं की बोलण्याने, मला विचारू नका. माझं मनगट अजून त्यांच्या मुठीत होतं.

सिस्टरने पट्टा सोडला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"पेशंट घोरतोय आणि तुम्ही कसले रडताय? बाहेर जाऊन बसा. उठवाल त्यांना उगाच."