दामलेबाईंची फूटपट्टी

न्याय मोजता येत नाही, असं मोठी माणसं सांगत आली आहेत. दामलेबाई तो लाकडी फूटपट्टीने मोजतात.

परदेशातल्या फ्लॅट बुश या उपनगरात आमच्या शेजारी त्यांची लेक राहते. बाई वर्षातले सहा महिने तिच्याकडे असतात. कराडकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, पट्टी झाली नाही. ती पर्समध्ये असते. डेअरीतल्या पावाची जाडी, दोन घरांमधलं कुंपण, माझ्या गाडीचं फुटपाथपासूनचं अंतर, सगळं तपासून झालंय. कुणी काही ठामपणे सांगितलं की म्हणतात, "असं? मोजून बघू."

मागच्या महिन्यात त्यांची नात ईरा आणि तिची मैत्रीण आरोहा, इथल्या मूळच्या माओरी समाजातली, शिडी लावून शाळेच्या छपरावर चढल्या. वर चेंडू अडकला होता. ईराला समज मिळाली. आरोहाला तीन दिवस घरी बसवलं.

"इट्स ऑलवेज आरोहा, आजी," ईरा जेवताना सहज म्हणाली. बाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

लेक ऑफिसात, म्हणून बाईंना शाळेत न्यायला ड्रायव्हर मी. उपमुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर 'किया ओरा' हा माओरी नमस्कार आणि गोल बसलेल्या मुलांचं रंगीत चित्र. ही शाळा शिक्षा करत नाही, गोल बसून बोलते, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. आरोहाच्या बाबतीत मात्र 'पार्श्वभूमी' होती. कसली, ते त्यांना सांगता येईना. भिंतीवरच्या चित्रात तिच्यासारखी चार मुलं तरी हसत होती.

"छप्पर एक, शिडी एक," बाई कडक इंग्रजीत म्हणाल्या. "मग एकीशी बोलायचं आणि दुसरीला दार दाखवायचं, हे कुठलं माप?"

दुसऱ्या दिवशी सगळे गोल बसलो, आरोहाची आईसुद्धा. छपरावरचा तो चेंडू ज्याच्या हाती, त्याने बोलायचं. मुलींनी चूक कबूल केली. उपमुख्याध्यापकांनी घसा साफ करून आरोहाची शिक्षा मागे घेतली. मग चेंडू बाईंकडे आला. मला वाटलं, आता भाषण.

"माझ्या वर्गात दोघींनी कॉपी केली होती," बाई म्हणाल्या. "एक डॉक्टरांची मुलगी. एक गावाबाहेरच्या वस्तीवरची, सखू. डॉक्टरांच्या मुलीला मी समजावलं. सखूला ही." त्यांनी पट्टी काढून मांडीवर ठेवली. "सखू पुन्हा शाळेत आली नाही. मीही तिच्या घरी गेले नाही."

आरोहाच्या आईने चेंडू घेतला. नुसता बाईंचा हात धरून बसली.

परतताना बाई माझ्या पार्किंगबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. पट्टी गाडीतच विसरल्या. असं आजवर झालं नव्हतं.

मी ती घरच्या टेपने मोजली. टोक झिजलंय. पावणेबारा इंच भरते.