दामलेमास्तरांचा नवा विद्यार्थी

आमचे शेजारी दामलेमास्तर रोज ऐन ऑफिसच्या वेळी बिबवेवाडीतला आमचा चौक वॉकर घेऊन ओलांडतात. पाय ठणठणीत आहेत, पर्वती चढतात! खांद्यावर बायकोची जांभळी शाल. मुंगीच्या पावलांनी पलीकडे गेले, की वळून परत.

याला कारण चौकातला नवा एआय सिग्नल. त्याचा कॅमेरा म्हणे माणसाकडे बघतो आणि तो पलीकडे पोचेपर्यंत गाड्यांना लाल दिवा दाखवतो. माणूस म्हणजे मास्तर. गाडीवाला म्हणजे मी.

"अहो, ओलांडा की एकदाचे!" मी स्कूटरवरून ओरडतो.

"थांबा हो. शिकतंय ते. धडधाकट माणूस कुणीही ओळखेल. वॉकरवाली बाई ओळखायला नको? उजळणी घ्यावी लागते!"

मी सॉफ्टवेअरमधला. असं रोज समोर चालून ते शिकत नाही, हे सांगून माझा घसा बसला. पण मास्तरांनी जन्मभर गणित शिकवलंय. "तुम्हीही एका दिवसात शिकला नसाल," म्हणाले.

एक बाइकवाला खेकसला, "आजोबा, उद्या साडी नेसून या!"

"आभारी आहे. आपण हेल्मेट घालून या."

गेल्या वर्षी याच चौकात उलट्या बाजूने आलेल्या एका दुचाकीने दामलेकाकूंना उडवलं. खुबा मोडला. तेव्हापासून काकू गेटपर्यंत येतात आणि माघारी फिरतात. सख्खी बहीण चौकापलीकडच्याच इमारतीत राहते. दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून फोनवर बोलतात.

परवा पुन्हा जांभळी शाल दिसली. "आज सोडत नाही यांना," म्हणत मी हॉर्नवर अंगठा ठेवला. पण शालीत खुद्द काकू होत्या.

"हात धरू नका. माझी मी जाईन," त्या मास्तरांना म्हणाल्या आणि निघाल्या. मास्तर फुटपाथवर डोळे गच्च मिटून उभे. काकू अर्ध्यात थांबल्या, श्वास घेतला. मी हॉर्नवरचा अंगठा काढला. लाल दिवा हलला नाही. मागच्या गाडीने हॉर्न मारला, तसा मी गर्रकन वळलो.

"थांबा हो! शिकतंय ते!"

"अहो, उभे काय? या की!" पलीकडून काकूंची हाक आली.

मास्तरांनी डोळे उघडले आणि धावत सुटले. पण मध्येच थबकले, मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शाब्बास, बाळ!"