खांद्यावरचा हात

"एकटा म्हणजे एकटा!" प्रणितने फ्लेक्सवाल्या गुरुदत्तच्या टेबलावर मूठ आपटली. "या फोटोतले बाकीचे तिघं काढून टाक. त्यांचा केससुद्धा दिसता कामा नये."

फोटो 'खारफुटी' या रॉक बँडचा होता. प्रणित सहा वर्षं त्या बँडचा मुख्य गायक होता. पण २०११च्या फेब्रुवारीत खारघरच्या एका कॉलेजात ड्रमर मुआजने गाण्याच्या मध्येच दहा मिनिटं ड्रम बडवले आणि पोरांनी प्रणितच्या नव्हे, मुआजच्या नावाचा गजर केला. गळा कुणाचा, घसा कोरडा कुणाचा, आणि शिट्ट्या कुणाला! माणसाने सहन करायचं तरी किती? प्रणितने तिथल्या तिथे बँड सोडला आणि मुआजशी बोलणंही. आता चार महिन्यांनी पनवेलच्या सभागृहात त्याचा पहिला सोलो कार्यक्रम होता. नाव त्यानेच ठेवलं होतं, 'मी एकटाच'.

"नवीन फोटो काढ की," गुरुदत्त म्हणाला.

"यात माझे केस उडतायत. असे परत उडायचे नाहीत."

"बरं. पण तुझ्या खांद्यावर हा मुआजचा हात आहे. तो काढला तर खांद्याला भोक पडेल."

"मग भर ना भोक!"

"भरतो. बिनधास्त जा."

गुरुदत्तने आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्याप्रमाणे काही केलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी एस.टी. डेपोसमोर वीस फुटी फ्लेक्स लागला. लाल अक्षरांत 'मी एकटाच', खाली उडत्या केसांचा प्रणित, आणि त्याच्या खांद्यावर हात.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण फ्लेक्सवरचा प्रत्येक माणूस गोरा करायचा, ही गुरुदत्तची जुनी खोड. नगरसेवक असो की वाढदिवसाचं बाळ, त्याच्याकडून सगळे दुधात बुडवल्यासारखे निघत. त्याच सपाट्यात त्याने मुआजच्या हातावरचे केस पुसले आणि हात लोण्यासारखा मऊ केला. मेंदी मात्र तशीच ठेवली. होय, मेंदी! फोटो काढला तो मुआजच्या बहिणीच्या, यूम्नाच्या लग्नानंतर दोन दिवसांनी, आणि लग्नघरातल्या पोरींनी मुआजला धरून त्याचा हात मनगटापर्यंत रंगवला होता. वर लाल खड्याची अंगठी.

प्रणित तणतणत दुकानात गेला. गुरुदत्त खूश होता. "हात काय झकास आलाय रे! जो तो विचारतोय, कुणाचा म्हणून."

विचारणारे घरापर्यंत पोचलेच. शेजारीण दारातूनच ओरडली, "कृष्णाबाई, पोराचं लगीन उरकलंस नि आमाला पेढा बी नाय?" प्रणितची आई कृष्णाबाई कपाळावर हात मारून खाली बसली, कारण प्रणितचं लग्न उरणच्या विनिताशी ठरलेलं होतं आणि साखरपुडा कार्यक्रमानंतर चारच दिवसांनी होता. त्यात विनिताचे वडील कमळाकर त्याच सकाळी उरणहून एस.टी.ने आले होते. उतरल्या उतरल्या समोर फ्लेक्स!

"तो हात कुनाचा हाय?" त्यांनी चपला न काढताच विचारलं.

"मामा, तो आमच्या ड्रमरचा."

"बाईमानूस ढोल वाजवतंय?"

"बाई नाही हो! मुआज. चांगला दाढीवाला पुरुष आहे."

"मेंदी लावलेला?"

"त्याच्या बहिणीचं लग्न होतं."

"लगीन बहिनीचं नि मेंदी याला! मी काय काल जल्माला आलू?"

"मुआजचाच हात तो," कृष्णाबाई कळवळून म्हणाली. "शालंत असल्यापासून जेवतंय आमच्याकडं. पन माझं कोन ऐकतंय, मी पडले पोराची आई."

कमळाकरांनी चहाला हात लावला नाही. "परोग्रामला मी पयल्या रांगेत बसनार. हाताचा मानूस दाखव. नायतर साखरपुडा इसर."

प्रणितने गुरुदत्तला फोन करून, "आधी तो हात झाक!" म्हणून बजावलं. गुरुदत्त "झाकतो" म्हणाला आणि त्याने हातावर गुलाबाचं फूल चिकटवलं. फूल लहान, हात मोठा. चार बोटं बाहेर राहिली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या पनवेलला कळलं की बाईने आता गुलाबही दिला.

विनिताचा फोन आला. "माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण बाबांचा नाही. जा आणि मुआजला घेऊन ये."

"मी जाऊ? त्याच्याकडे? मी बँड सोडलाय विनिता!"

"मग आता मलाही सोड."

मुआज घरच्या बेकरीच्या गल्ल्यावर बसला होता. त्याने प्रणितला बघूनही नानकटाई बांधणं थांबवलं नाही. "तोंड कापलंस माझं. हात तेवढा ठेवलास. वर गोरापान केलास! कसम से, मी स्वतः ओळखला नाही."

"मी नाही केला, गुरुदत्तने केला. चल ना यार, साखरपुडा मोडतोय माझा."

"मेंदी केव्हाच उडाली. परत काढावी लागेल. आणि मी नुसता हात हलवत येणार नाही. ड्रम घेऊन येईन."

"अरे, कार्यक्रमाचं नाव 'मी एकटाच' आहे!"

"मग सासऱ्याला एकटाच समजाव."

"या अल्ला, भांडू नका रे," आतून मुआजची अम्मी अमिरुन्निसा म्हणाली. "यूम्ना माहेरी आलीय. ती काढील मेंदी."

कार्यक्रमाला सभागृह खच्चून भरलं. गाणी ऐकायला कोण आलं होतं देव जाणे, सगळ्यांना हात बघायचा होता. दुसऱ्या गाण्यानंतर मुआज स्टेजवर आला आणि त्याने मेंदीचा हात प्रणितच्या खांद्यावर ठेवला. कमळाकर चष्मा लावून वर चढले. त्यांनी अंगठी पाहिली, तळवा उलटा करून पाहिला, शेवटी मनगटावरचे दोन केस ओढले. मुआज कळवळला.

"मरदाचाच हाय!" कमळाकरांनी माईकवरून जाहीर केलं.

सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. मुआज ड्रमवर बसला तो वीस मिनिटं उठला नाही. प्रणित हातात माईक धरून स्वतःच्याच कार्यक्रमात स्वतःची पाळी यायची वाट बघत होता. पहिल्या रांगेत त्याचा होणारा सासरा मुआजच्या नावाने शिट्ट्या मारत होता.

साखरपुडा मात्र थाटात झाला. प्रणितचा रागही जवळजवळ गेला होता. पंधरा दिवसांनी तो डेपोवर उतरला आणि जागीच थबकला.

समोर नवा फ्लेक्स होता. 'मुआज : सोलो'. मुआज हसत होता, गोरापान, हात बाजूला पसरून. हाताखाली एक गोरा गुळगुळीत खांदा होता आणि खांद्याच्या टोकाला, वाऱ्यावर उडणारे, चार केस. बाकी कुणी नाही.

शेजारी एक म्हातारा मान वर करून बघत होता. "हा खांदा कुनाचा हाय रं?"

"माझा!" प्रणित ओरडला. "माझा आहे तो खांदा!"

म्हाताऱ्याने त्याला पायापासून केसांपर्यंत न्याहाळलं.

"तुजा? येवढा गोरा?"