फांदीवरचं बिऱ्हाड

पांढुर्ण्याच्या आपल्या घरात जंगल उगवणार आहे, याची दादारावांना कोणी आगाऊ कल्पना दिली नव्हती. ते सौंसरला एका लग्नाला गेले आणि संध्याकाळच्या बसनं परतले, तर हॉलची पांढरी भिंत हिरवीगार झालेली. तिच्यावर पानं आणि वेली रंगवलेल्या, आणि मधोमध तिगावच्या बगिच्यातून आणलेली संत्र्याची भलीमोठी वाळकी फांदी खिळ्यांनी ठोकलेली. फांदीला काथ्याचे झुपके आणि कापसाची बोंडं लटकत होती.

“हे काय करून राहिली तू?” त्यांनी मुलीला विचारलं.

“बाबा, निसर्ग घरात आणला,” मोनाली ब्रश धूत म्हणाली.

“काऊन? बाहेर कमी पडून राहिला होता काय?”

“राहू द्या ना जी,” त्यांच्या पत्नी यमुनाबाई म्हणाल्या. “भिंतीचे पोपडे तरी झाकले.”

दादाराव नगरपालिकेतून निवृत्त झालेले. वरिष्ठांचा निर्णय मुकाट्यानं मान्य करायची त्यांना सवय होती.

आठवडाभरात खिडकीतून बुलबुलाची एक जोडी आली. फांदी तिला फारच पसंत पडली. काथ्या आयताच होता, कापूसही होता. कोणी काही म्हणायच्या आत फांदीच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं तयार झालं आणि मादी अंड्यांवर बसली. खिडकीपासून फांदीपर्यंतची तिची वाट बरोबर पंख्याखालून जात होती.

“आजपासून पंखा बंद,” मोनालीनं जाहीर केलं.

“एप्रिल चालू आहे, बाई!”

“पातं लागलं तर मरन ना ते, बाबा!”

दादारावांनी टेबलफॅन लावून पाहिला. फांदी हलली, बुलबुल ओरडला, त्याहून मोठ्यानं मोनाली ओरडली. टेबलफॅन माळ्यावर गेला. खिडकी उघडी म्हणून मांजर डोकावू लागलं, आणि मांजर हाकलायला दादारावांना दुपारभर तिथंच घाम गाळत बसावं लागलं. शेजारचा श्रीधर म्हणाला, “इतक्या गर्मीत पंखा बंद?” पक्ष्यापायी बंद आहे, हे सांगायची दादारावांना लाज वाटली. “बिघडला,” ते म्हणाले. श्रीधर भला माणूस. पाचच मिनिटांत पेचकस आणि स्टूल घेऊन हजर झाला. त्याला परत पाठवताना दादारावांना चहा आणि आणखी दोन थापा खर्च कराव्या लागल्या.

अशातच जामसांवलीकडचे नत्थूजी आपल्या मुलासाठी, श्रीकांतसाठी, मोनालीला पाहायला यायचे ठरले. मुलगा शिक्षक, स्थळ चांगलं. आणि पाहुणे येणार त्याच सकाळी अंड्यांतून पिल्लं बाहेर आली.

“आता काय करता?” यमुनाबाईंनी विचारलं.

“लाईट गेली म्हणून सांगू,” दादाराव म्हणाले. “उन्हाळ्यात कोण शंका घेते?”

पाहुणे भर दुपारी आले. जय भीम झालं, पाणी झालं. नत्थूजी आडव्या अंगाचे. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि आशेनं वर पाहिलं.

“लाईट गेली जी,” दादाराव घाईनं म्हणाले. “सकाळपासूनच नाई.”

“असं काय,” नत्थूजी फार निराश होऊन म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर घरघरला. यमुनाबाई पाहुण्यांसाठी कैरीचं पन्हं करत होत्या.

नत्थूजींनी मिक्सरचा आवाज शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग ते उठले, सरळ बटणांच्या पाटीपाशी गेले आणि त्यांनी हात वर केला.

“हात नका लावू!” दादाराव जिवाच्या आकांतानं ओरडले.

पन्ह्याचा ट्रे घेऊन आलेली मोनाली दारातच थिजली. होणाऱ्या व्याह्यावर आपण खेकसलो, हे दादारावांच्या ध्यानात आलं. स्थळ गेलं, पोरीचं नुकसान झालं, तेही दोन पाखरांपायी!

“पंखा बिलासाठी बंद नाई जी,” ते अजिजीनं म्हणाले. “तिकडं पाहा.”

मादी खिडकीतून आत आली, नत्थूजींच्या टकलावरून सुर्रकन गेली आणि फांदीवर बसली. घरट्यातून दोन चोची वर आल्या. नत्थूजी पाहत राहिले. त्यांची बायको पाहत राहिली. श्रीकांत मात्र हळूच मोनालीकडे पाहून हसला.

“किती दिवस झाले पंखा बंद करून?” नत्थूजींनी एकदम हळू आवाजात विचारलं.

“पंधरा-वीस दिवस झाले असतील. माह्या पोरीनं फांदी लावली अन्...”

नत्थूजी येऊन पुन्हा सोफ्यावर बसले. बायकोकडे पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

“आमच्या कूलरात कबुतरीण बसली जी,” ते म्हणाले. “हा श्रीकांत त्याले हात नाई लावू देत. म्हटलं, चला, पोरगी पाहाच्या निमित्तानं तरी हवा खाऊ!”

पुढची बोलणी पाखरांना त्रास नको म्हणून कुजबुजत झाली. दादारावांनी त्या दिवशीचं वर्तमानपत्र घेतलं, त्याची दोन पानं वेगळी केली आणि एक पान व्याह्यांना दिलं. मग दोघंही आपापलं पान हलवत लग्नाची तारीख ठरवू लागले.