पापडाचा मजला जाहला त्याची बखर

श्री. कर देणारांस आयुष्य आणि कर घेणारांस थोडी लाज प्राप्त होवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्रमासी एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले की, दिवाणसाहेबी परदेशीचे कारागीर आणोन घरपट्टीचे कामी यंत्रबुद्धी बसविली, तीस सहस्राक्ष नाव ठेविले, आणि तिचे ड्रोन नामे डोळे शहरावरी उडो लागले, आणि जे दिसेल त्यावरी कर बसो लागला, आणि हुकूम सुटला की यंत्र चुकत नाही, जो चुकले म्हणेल तोच चुकला. ऐसा हुकूम लिहावयास अक्कल लागत नाही, मोहोर लागते. ती दिवाणांजवळ होती.

त्या शहरी विसाजीपंत म्हणोन कमाविसदार, वसुलीचे काम पाहात. त्यांस लहानपणापासोन खोड की कोणतीही वस्तू उघडोन आत काय आहे ते पाहावे. घरी एक घड्याळ धड राहिले नव्हते. त्यांस हुकूम आला की चंद्रभागा कासारणीने गच्चीवरी चोरोन मजला चढविला आणि टॉवरही उभारिला, दंड भरीत नाही, सबब घरास सील ठोकावे, न ठोकाल तर नोकरीवर पाणी सोडावे. मग पंत सीलाची लाख आणि शिपाई घेऊन गेले. बाई गिऱ्हाइकास बांगड्या भरीत होती, ती उठली नाही. म्हणाली, "या पंत. मजला सील करायचाय ना? मग आधी शोधून तरी द्या. मलाही वर राहायला जायचंय!" पंत वर चढले, तो मजला नाही, भिंत नाही, गच्चीभर पांढऱ्या प्लास्टिकावरी पापड वाळत होते, आणि कावळे भ्यावे म्हणोन काठीस काळे फडके बांधिले होते.

पंत बराच वेळ वाकोन पाहात राहिले. मग मोबाइल काढिला आणि दरबारी आजवर कोणी केले नव्हते ते केले, खुद्द सहस्राक्षासच पुसिले, "बाबा रे, तुला इथं काय दिसतं?" यंत्र बोलिले, "नवे पत्र्याचे छप्पर आणि एक टॉवर." "ते कशावरून?" "मज शिकविणारे पावसाळ्यात आले होते. त्यांच्या चित्रांत गच्चीवरी पांढरे सपाट ते छप्परच होते. पापड कोणी दाखविला नाही. आपण दाखवाल?" पंतांस यंत्राची दया आली. म्हणाले, "हे शिकायला तयार आहे, याच्या मालकांचंच कठीण दिसतं." आणि खोड स्वस्थ बसू देईना, आणिक पुसिले, "बरं, दिवाणसाहेबांच्या हवेलीवर काय दिसतं?" यंत्र बोलिले, "तिथे पाहो नये ऐसी आज्ञा आहे."

शिपायाने ऐकिले न ऐकिलेसे करोन लाख तापविली. परंतु बाई पाठीमागे येऊन उभी होती. म्हणाली, "अगं बाई! म्हणजे तिथं वाळवण घातलं तर कर नाही?" पंत बोलिले, "नाही," आणि बोलल्यावरी त्यांस उमगले की आपण काय बोलिलो. मग तापविलेली लाख त्यांनी निवो दिली आणि सील न ठोकिता खाली उतरले.

दुसरे दिवशी सकाळी कासार आळीच्या साऱ्या बाया पापड, कुरडया, सांडगे डोईवर घेऊन हवेलीस गेल्या, आणि पंतही गर्दीमागोन गेले. पहारेकरी गुरकावला, "ए, कुठं चाललात?" तो त्याची आईच पुढे जाहली, "जिथं यंत्र आंधळं तिथं! सर बाजूला, मुडद्या." दारावरी घरपट्टीची पाटी होती, मजले तीन. बाया मोजीत मोजीत चढल्या, आणि पाच जाहले तेव्हा गच्ची लागली. मग चंद्रभागाबाईने कठड्यावरोन वाकोन साऱ्या पेठेस ऐकू जाईल ऐसी हाक मारिली, "अहो पंत, ह्यातले वरचे दोन पापडाचे का हो?"

पेठ हसली. दिवाणसाहेब ओल्या पंच्यानिशी धावत आले, उतरा म्हणाले. बाया म्हणाल्या, वाळेतो उतरायचं नसतं. मग तेथेच मोहोर आणविली, कासारणीच्या सीलाचा हुकूम आणि साऱ्या गच्च्यांचे कर रद्द जाहले, आणि दोन मजल्यांची पट्टी दिवाणांनी निमूट भरिली, तेव्हा बायांनी वाळवणाची सुपे उचलली.

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. पुढे पंतांनी सहस्राक्षास पापड, कुरडई, सांडगा एकेक दाखविला, ते एका दिवसात शिकले. दिवाणांस शिकवावयास सारी आळी लागली. त्या साली पापड उत्तम वाळले.