लेग पीसवर तीन सह्या

कार्यालयाच्या कॅन्टीनमध्ये अकरा वर्षं ‘तात्पुरता’ स्वयंपाक करणाऱ्या काकूंना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरवायला त्रिसदस्य समिती नेमण्यात आली. तिन्ही सदस्य ती अकरा वर्षं काकूंच्याच हातचं जेवत होते. पण त्याची लेखी नोंद नसल्याने तो पुरावा ग्राह्य धरता येईना. म्हणून परीक्षा ठरली: सीलबंद खोक्यातून निघतील त्या अनपेक्षित जिनसांपासून चिकनचं जेवण करणे. सर्व जिनसा वापरणे बंधनकारक. नापास झाल्यास काकूंची नोकरी त्याच दुपारी संपणार होती.

भांडारप्रमुख नियमाचा माणूस. जिनसा आपल्यालाही अपेक्षित असू नयेत, म्हणून त्याने दुकानात डोळे मिटून हात घातला. खोक्यातून निघालं ते असं: अननसाचा डबा, इन्स्टंट कॉफी, कॉर्नफ्लेक्स, हिरवी जेली, कालचा पाव आणि बुटाचं पॉलिश.

चिकन नव्हतं. पेपर फुटतात तसं चिकन फुटू नये, म्हणून ते गोपनीय शाखेच्या फ्रीजमध्ये कुलूपबंद होतं आणि किल्ली घेऊन शाखाधिकारी बाई वेळेच्या व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. आठवडाभर.

“साहेब, चिकन नाहीये,” काकू म्हणाल्या.

समितीचे अध्यक्ष असलेल्या साहेबांनी कागद पुढे केला. चिकन मिळाले, तपासले, ताजे आहे. खाली तीन सह्या.

“काकू, आता ते नाही म्हणजे आम्ही खोटं लिहिलं का?”

“तसं कसं म्हणेन मी?”

“मग शिजवा.”

काकूंनी पदर खोचला. अकरा वर्षं कॅन्टीन ‘आहे त्यात भागवा’ या एकाच आदेशावर चाललं होतं. त्यांनी पाव भिजवून कॉर्नफ्लेक्समध्ये मळला, अननसात मुरवला, कॉफीने रंग आणला, लांबट वळून खरपूस तळला. जेलीचं काय केलं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उरलं पॉलिश. ते त्यांनी साहेबांचे बूट मागून घेऊन संपवलं. नियम म्हणजे नियम.

समिती जेवायला बसली. एका सदस्याने हाड कुठंय म्हणून हळूच विचारलं. दुसरा म्हणाला, चांगल्या चिकनला हाड लागत नाही. दोघांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कागदावरच्या आपल्या सहीकडे पाहिलं आणि सावकाश घास चावला.

“गावठी आहे. दुकानातलं असं लागतच नाही.”

त्यावर दोघांनी पुन्हा वाढून घेतलं. शंभरपैकी सत्याण्णव गुण पडले. तीन कापले, कारण बूट एकाच सदस्याचे चमकले होते.

आठवड्याने फ्रीज उघडला. आत चिकन. समितीची तातडीची बैठक झाली. चिकन शिजवून खाल्ल्याचं सिद्ध झालेलं असल्याने फ्रीजमधली वस्तू चिकन असूच शकत नाही, यावर एकमत झालं. तिची ‘संकीर्ण’ म्हणून नोंद करून ती नष्ट करण्यासाठी साहेबांच्या घरी पाठवण्यात आली. त्या दुपारी साहेब प्रथमच कॅन्टीनला जेवले नाहीत.

काकू आता कायम आहेत. दर बुधवारी चिकन असतं, तेच, आणि रांग जिन्यापर्यंत जाते. समितीला हसणं सोपं आहे हो. गेल्या बुधवारी त्या रांगेत ताट पुढे करून “काकू, जरा लेग पीस बघून वाढा” असं कोण म्हणालं, तेही काकूंच्या लक्षात आहे. आणि तुम्ही रेसिपीही मागितलीत.